निवतीच्या अंगाला

एक, दोन, तीन... असं नऊपर्यंत मोजायचं, मग आवाज यायचा. बाबांनी मला शिकवलेलं हे पहिलं गणित. वाळूत पाय पसरून माडांच्या काळ्या रांगेकडे बघत बसायचं. रांगेपलीकडे आधी उजेड फुटायचा, त्यातून एक जळती रेघ सरळ वर निघायची, आणि तेवढा वेळ लाटांखेरीज कसलाच आवाज नसायचा. आम्ही पोरं ओरडून आकडे मोजायचो. काही मल्याळममध्ये, मी मराठीत. नवाच्या सुमाराला तो गडगडाट पोटात शिरायचा. आवाज तीन सेकंदांत साधारण एक किलोमीटर जातो, म्हणजे तळ आपल्यापासून तीन किलोमीटरवर आहे, असं बाबा समजावून सांगत. पुढे मी शाळेत गणित शिकवायला लागले, तेव्हा दर पावसाळ्यात विजेचं अंतर मुलांना असंच मोजायला लावत असे.

हा किनारा थुंब्याच्या रॉकेट-तळाच्या कुंपणाबाहेरचा. तिरुअनंतपुरमच्या उत्तरेला, माडांच्या आणि मासेमारांच्या वस्तीचा. बाबा मूळचे मालवणचे, रापण ओढणाऱ्या घरातले. मुंबईत टर्नरचं काम शिकले आणि १९६८ मध्ये थुंब्याच्या यंत्रशाळेत लागले. मी तीन वर्षांची होते. माझं सगळं बालपण त्या वाळूत गेलं. दर बुधवारी तिथून एक रशियन रॉकेट उडायचं. एम-१०० त्याचं नाव. वरच्या हवेचं तापमान आणि वारे मोजायला जायचं ते. शाळेत जसा शनिवार अर्ध्या दिवसाचा, तसा आमच्या वस्तीत बुधवार रॉकेटचा. जाळी दुरुस्त करणारे, कट्टमरमच्या ओंडक्यांवर बसून विडी ओढणारे, मासे विकून परतलेल्या बायका, सगळे तिथेच टेकायचे. तिकीट नाही, पास नाही. वाळू सगळ्यांची होती.

थुंबा हे खरं तर एका रोपाचं नाव. द्रोणपुष्पीच्या कुळातलं, कुंपणाकडेला उगवणारं, इवल्या पांढऱ्या फुलांचं. ओणमच्या रांगोळीत ते फूल हवंच. इतक्या साध्या रोपाच्या नावाची जागा जगाच्या नकाशावर का आली, याचं उत्तर बाबा एका सुईनं देत. उभ्या पातळीत फिरणारी चुंबकसुई मुंबईत धरली तर तिचं उत्तरेकडचं टोक खाली झुकतं. थुंब्याला ती जवळजवळ आडवी राहते, कारण पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त इथून अगदी जवळून जातं. त्या रेषेच्या वर, शंभर ते एकशेदहा किलोमीटर उंचीवर, दिवसा विजेचा एक मोठा प्रवाह वाहत असतो. तो अभ्यासायचा कसा? फुगे तीस-चाळीस किलोमीटरला थकतात. उपग्रह एवढ्या खाली फिरू शकत नाही, हवेच्या घर्षणानं पडतो. मधल्या त्या पट्ट्यात जाणारं एकच वाहन, लहान रॉकेट. वर जायचं, वाटेत मोजायचं आणि काही मिनिटांत समुद्रात पडायचं. पश्चिमेला पडायला मोकळा अरबी समुद्र होताच.

ही जागा हेरण्यासाठी केरळचा किनारा ज्यांनी पालथा घातला, त्यांत कोल्हापुरात जन्मलेले एकनाथ वसंत चिटणीस होते. विक्रम साराभाईंचे सहकारी. बाबांना याचा फार अभिमान. आपल्या कोल्हापूरच्या माणसानं शोधलेली जागा, असं ते पाहुण्यांना आवर्जून सांगत. पुढे याच केंद्राचे संचालक झालेले वसंत गोवारीकर आणि प्रमोद काळे हे दोघेही पुण्याचे. दोन-चार मराठी घरं होतो आम्ही तिथे, आणि गणपतीत आरतीला टाळ कमी पडले तर बाबा यंत्रशाळेतल्या पितळेच्या चकत्या वाजवायला द्यायचे.

पण जागा शोधली गेली तेव्हा ती रिकामी नव्हती. हे मला बाबांनी सांगितलं नाही. अम्मच्चीनं सांगितलं.

अम्मच्ची आमच्याकडे मासे घेऊन यायची. कान लांब ओघळलेले, पांढरी चट्टा आणि मुंडू, डोक्यावर ॲल्युमिनियमचं पातेलं. आईला ती 'मोळे' म्हणायची, म्हणजे मुली, आणि मलाही 'मोळे'च म्हणायची. तिचं माहेर-सासर दोन्ही पळ्ळित्तुरा. पळ्ळी म्हणजे चर्च आणि तुरा म्हणजे उतारा, होड्या लागायची जागा. चर्च आणि होड्या, गावाचं सगळं आयुष्य त्या नावातच आलं. चर्च सेंट मेरी मॅग्डलीनचं. चर्चच्या भोवती घरं, घरांच्या पुढे कट्टमरम, त्यापुढे समुद्र.

हे चर्च आणि गाव रॉकेटांसाठी दिलं गेलं, ती गोष्ट आता पुस्तकांतून आहे. अब्दुल कलामांनीही ती लिहून ठेवली आहे. साराभाई बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांना भेटले, आणि बिशपांनी त्यांना रविवारच्या प्रार्थनेला यायला सांगितलं. तिथे लोकांपुढे त्यांनी विषय मांडला की या संशोधकांना आपलं चर्च, माझं राहतं घर आणि तुमची जमीन हवी आहे. आणि सारं चर्च एका आवाजात आमेन म्हणालं. वाचताना अंगावर काटा येतो. लहानपणी ऐकली तेव्हाही यायचा.

अम्मच्चीची गोष्ट याच रविवारची, पण ती बायकांच्या बाजूला बसलेली होती. तेव्हाची प्रार्थना लॅटिनमध्ये असायची. फादर काय म्हणतात ते कुणालाच कळायचं नाही, प्रवचन तेवढं मल्याळममध्ये. आमेन हा शब्द मात्र सगळ्यांच्या जिभेवर. 'जन्मल्यापासून म्हणत आले होते,' ती सांगायची, 'पण मी कशाला हो म्हणतेय हे कळून म्हटलेला आमेन तो एकच.' तिच्या सासूनं त्या दिवशी घरी येऊन चूल पेटवली नाही. सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी चर्चमागच्या दफनभूमीत जाऊन आपल्या आईवडिलांच्या कबरींवरची वाळू सारखी केली. मग सगळे निघाले. उत्तरेला नवी वस्ती झाली, नवं चर्च उभं राहिलं, आणि नावही त्यांनी बरोबर नेलं. नवी वस्तीही पळ्ळित्तुराच.

अम्मच्चीच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पण तिला एक गोष्ट खटकत असे. गोष्ट सांगणारे सगळे आमेनपाशी थांबतात, असं ती म्हणायची. त्यानंतर चूल न पेटलेलं घर कुणी सांगत नाही. मी ते इथे लिहून ठेवते आहे, ते यासाठीच.

चर्चची इमारत पाडली गेली नाही. तिथे कचेरी आली. कलामांनी लिहिलंय की प्रार्थनेच्या खोलीत त्यांची पहिली प्रयोगशाळा होती आणि बिशपांच्या खोलीत आरेखनाचं काम चाले. १९८५ पासून तिथे अवकाश-संग्रहालय आहे. सायकलच्या कॅरिअरवर रॉकेटचं नाकाड घेऊन चाललेल्या दोघांचा जो फोटो सगळ्या जगानं पाहिला, तो आंरी कार्तिए-ब्रेसाँनं १९६६ मध्ये याच आवारात काढला. बैलगाडीवरच्या उपग्रहाचा फोटो मात्र थुंब्याचा नाही. तो १९८१ चा, ॲपल उपग्रहाचा, बंगळूरचा. लोक दोन्ही फोटो एका दमात थुंब्याचे म्हणून सांगतात आणि बाबा दर वेळी अस्वस्थ व्हायचे. बैलगाडी हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून घेतली नव्हती. अँटेनाच्या चाचणीला आजूबाजूला लोखंड नको होतं, म्हणून लाकडाची गाडी. 'चुकीची गोष्ट गोड असली तरी सांगायची नाही,' असं ते म्हणत. या वाक्याची आठवण पुढे मला त्यांनाच करून द्यावी लागली.

आता २१ नोव्हेंबर १९६३, गुरुवार.

बाबा त्या दिवशी थुंब्यात नव्हते, पण जे होते त्यांच्याबरोबर त्यांनी पुढे तीस वर्षं डबा खाल्ला. त्यामुळे ते सांगायचे तेव्हा स्वतः तिथे हजर असल्यासारखं सांगायचे. रॉकेट अमेरिकेचं, नायकी-अपाची. त्याच्या डोक्यातला सोडियम फ्रान्सचा. समुद्रावर नजर ठेवायला हेलिकॉप्टर रशियाचं. त्या काळात एकमेकांकडे बंदुका रोखून बसलेले देश आणि त्यांची यंत्रं माडांखाली एकत्र नांदत होती. रॉकेट ट्रकवरून उतरवून प्रक्षेपकावर चढवायचं, तर क्रेनच्या हायड्रॉलिकला गळती लागली. संध्याकाळ तर धरून ठेवता येत नाही. शेवटी माणसांनीच खांदे आणि हात लावून ते रॉकेट वर चढवलं. एवढं सांगताना बाबा स्वतःचे तळहात पुढे करायचे, जणू त्यांवरच घट्टे पडले होते.

आणि संध्याकाळच का? कारण खाली अंधार आणि वर ऊन, अशी ती वेळ असते. सूर्य आपल्याला मावळला तरी शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर त्याचा प्रकाश अजून पोचत असतो. तिथे सोडियमची वाफ सोडली की ती त्या प्रकाशात पिवळी-नारिंगी पेटते. पूर्वी रस्त्यांवर जे पिवळे दिवे असत, त्यांचा तोच रंग. वाफेची रेघ सुरुवातीला सरळ असते. मग निरनिराळ्या उंचीवरचे वारे तिला निरनिराळ्या दिशांना ओढतात आणि ती वळत जाते. दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच वेळी तिचे फोटो काढायचे आणि ती कुठे किती वळली यावरून वारा मोजायचा. सहा वाजून पंचवीस मिनिटांनी रॉकेट सुटलं, दोनशे किलोमीटरच्या आसपास पोचलं, आणि केरळ-तामिळनाडूत कितीतरी लोकांनी माना वर करून ती रेघ पाहिली.

अम्मच्ची त्या वेळी नव्या वस्तीतल्या वाळूत उभी होती, थोरला मुलगा कडेवर. दिवसभर समुद्रात जायची मनाई होती, म्हणून सगळे पुरुष किनाऱ्यावरच. ती सांगायची की आधी आवाजानं लेकरू दचकलं, रडायला लागलं. ती त्याला थोपटत होती म्हणून रॉकेट वर जाताना तिनं पाहिलंच नाही. लोकांचा गलका ऐकून वर बघितलं तर आभाळात शेंदरासारखी रेघ. ती बघताबघता हलायला लागली. मुलगा रडायचा थांबला. 'आमच्या चर्चच्या वर होती बरोबर,' ती म्हणायची. 'मला वाटलं, मॅग्डलीन मातेचे केस सुटले.' मेरी मॅग्डलीनचे मोकळे केस तिनं लहानपणापासून मूर्तीवर पाहिलेले. त्या वळत्या वाफेला याहून नेमकं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

रॉकेटला ती 'वाणम' म्हणायची. सणाला आभाळात उडवतात त्याला मल्याळममध्ये वाणम म्हणतात. आपल्याकडे दिवाळीत बाटलीत उभा करून उडवतात तो बाण. दोन शब्द ऐकायला सख्ख्या बहिणींसारखे. हे माझ्या ध्यानात आलं ते आजी थुंब्याला आली तेव्हा.

१९७३ च्या जानेवारीत आली. कोकण रेल्वे तेव्हा नव्हती. मालवणहून एसटीनं बेळगाव आणि तिथून गाड्या बदलत बदलत ती बाबांच्या चुलतभावाबरोबर पोचली, सोबत सोलं, कुळथाचं पीठ आणि सुक्या गोलम्याचं गाठोडं. आयुष्यात पहिल्यांदाच जिल्ह्याबाहेर पडली होती. पहिले दोन दिवस ती घरातून हलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला किनाऱ्यावर घेऊन गेले, आणि तिथे तिला रापण दिसली.

वाळूवर दोन रांगा, दोन दोर, मध्ये समुद्रात अर्धवर्तुळ पसरलेलं जाळं. माणसं मागे झुकून, टाचा रोवून, तालात ओरडत ओढत होती. आजी क्षणभर उभी राहिली, मग लुगड्याचा काष्टा घट्ट करून सरळ दोराला जाऊन लागली. कुणी काही म्हटलं नाही. एका बाईनं सरकून तिला जागा करून दिली. जाळं वर आलं तेव्हा दोघी वाकून मासे निवडायला लागल्या. ती बाई म्हणजे अम्मच्ची.

दोघींना एकमेकींचा एक शब्द येत नव्हता. पण मासा उचलून धरला की भाषा लागत नाही. आजी म्हणाली बांगडो, अम्मच्ची म्हणाली अयला. तारली आणि चाळा. इसवण आणि नेय्मीन. मोरी आणि स्रावु. मी मध्ये उभी राहून दोन्ही नावं म्हणत होते. माझ्या आयुष्यातला तो पहिला शब्दकोश, आणि त्याला माशांचा वास होता. आजी घरी आली ती ओच्यात वाट्याचे बांगडे घेऊन. कष्ट केले तर वाटा मिळतो हा रापणीचा नियम तिथेही तोच होता.

त्या बुधवारी आम्ही सगळे रॉकेट बघायला बसलो. अजून उजेड होता. बाबा आईला नि आजीला पहिल्या रॉकेटची गोष्ट सांगत होते, आणि अम्मच्चीनं मध्येच तिचं मॅग्डलीन मातेच्या केसांचं सांगितलं. बाबांनी ते मालवणीत करून दिलं. आजी ऐकत होती. नारिंगी रेघ म्हटल्यावर तिनं मान वळवली.

"ता मी बघलंय," ती म्हणाली.

बाबा हसले. "आये, मालवणात बसान थुंबा दिसता काय?"

"थुंबा खय म्हणतंय मी? मळबात बघलंय. निवतीच्या अंगाक."

मग तिनं सांगितलं ते असं. त्या संध्याकाळी रापण ओढून झाली होती, वाटे पडत होते. चंद्राची कोर वर, उजव्या हाताला. आणि खाली, डावीकडे, दक्षिणेकडच्या निवती गावाच्या अंगाला, पाण्याला टेकल्यासारखं काहीतरी नारिंगी. जाळ म्हणावा तर हलत नव्हता, ढग म्हणावा तर तसला ढग कुणी बघितलेला नाही. वामासारखं वळलेलं. एक म्हातारा म्हणाला देवचाराची मशाल आहे, आणि त्यानं हात जोडले. थोड्या वेळानं विझून गेलं. आणि दोन दिवसांनी शाळेच्या मास्तरांनी पेपर वाचून दाखवला की अमेरिकेच्या राजाला गोळी घालून मारलं. तेव्हा गावात सगळे म्हणाले की तो उजेड त्याचाच होता.

"खोटा कित्याक सांगू?" ती म्हणाली आणि बोटानं वाळूत आकृती काढली. वळत गेलेली एक आडवी-उभी रेघ. अम्मच्ची ती बघत राहिली. मग तिनं शेजारी आपली रेघ काढली. तिची लांब आणि उभी होती, आजीची लहान आणि बसकी. पण वळणं होती दोन्हींत.

ती वळणं खरोखरच जुळत होती की नाही, हे मी आज शपथेवर सांगू शकत नाही. मी आठ वर्षांची होते, आणि तेवढ्यात माडांमागे उजेड फुटला. पोरं मोजायला लागली. आजी मोजत नव्हती. रेघ वर जाऊन दिसेनाशी झाली, आवाज आला, विरला. 'ह्यो न्हय,' ती म्हणाली. 'तो दुसरो बाण.'

त्यानंतर घरात कुणी अशक्य काही सांगितलं की 'आजीचा बाण' म्हणायची पद्धत पडली. मीही म्हणायचे. बाबांना मालवण ते थुंबा अंतर माहीत होतं, नऊशे किलोमीटर. नऊशे किलोमीटरवरचं दिसत नाही, हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की त्यांनी कधी कागद घेतला नाही. आजी १९८१ मध्ये गेली. अम्मच्ची त्यानंतर दहा वर्षांनी. जाण्याआधी तिनं आईला एक पांढरं तलम कापड दिलं होतं. तिच्या नवऱ्याला समुद्रात तरंगताना सापडलेलं. एम-१०० ची उपकरणं हवाई छत्रीला लटकून खाली येत, त्यातलंच ते असावं असं बाबांचं मत. तिनं त्यातून नातवाच्या बाप्तिस्म्याचं अंगडं शिवलं होतं, आणि उरलेलं कापड आमच्यासाठी ठेवलं होतं.

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये पहिल्या रॉकेटला पन्नास वर्षं झाली. वर्तमानपत्रांत लेख आले. तोवर आम्ही पुण्यात स्थायिक झालो होतो. बाबा लेख वाचत होते आणि मोठ्यानं चुका काढत होते. मी शेजारी उत्तरपत्रिका तपासत बसले होते, आणि एका आकड्यापाशी अडखळले. दोनशे किलोमीटर उंची.

हे गणित मी आठवीच्या मुलांना देते. दीपगृह इतकं उंच, तर किती लांबून दिसेल? दोनशे किलोमीटर उंचीचं दीपगृह असेल तर उत्तर येतं सुमारे सोळाशे किलोमीटर. चाळीस वर्षं आम्ही आजीला हसत होतो आणि हे गणित मी दर वर्षी फळ्यावर सोडवत होते.

उत्तरपत्रिका बाजूला ठेवल्या. नऊशे किलोमीटरवर पृथ्वीची गोलाई पहिले सुमारे ६४ किलोमीटर झाकते. त्याच्या वर जे असेल ते क्षितिजाच्या वर. दोनशे किलोमीटरवरचं टोक मालवणच्या वाळूतून क्षितिजापासून साधारण आठ अंशांवर आलं असतं. हात लांब करून मूठ धरली तर ती दहा अंश झाकते. म्हणजे मुठीपेक्षा थोडं कमी. पाण्याला टेकल्यासारखं. बसकं.

मग दिशा. नकाशावर मालवण आणि थुंबा जोडले तर रेघ दक्षिणेहून थोडी पूर्वेला झुकते, आणि मालवणहून निघताना ती निवतीवरूनच जाते.

मग सूर्यास्त. मालवण थुंब्याच्या पश्चिमेला, म्हणून तिथे सूर्य उशिरा मावळायला हवा. पण ते उत्तरेलाही आहे, आणि नोव्हेंबरात उत्तरेकडचा दिवस लहान. दोन्ही फरक एकमेकांना खातात आणि त्या दिवसांत दोन्हीकडे सूर्य जवळपास एकाच वेळी, सहाच्या सुमाराला मावळतो. साडेसहाच्या आत दोन्ही किनाऱ्यांवर सारखाच झाकोळ.

मग चंद्र. त्या महिन्यातली अमावास्या १६ तारखेची. २१ च्या संध्याकाळी पाच दिवसांची कोर, नैर्ऋत्येला, चांगली वर. निवतीकडे तोंड करून उभं राहिलं तर उजव्या हाताला.

आणि अमेरिकेचा राजा. जॉन केनेडींना गोळी लागली ती २२ नोव्हेंबरला. आपल्याकडे तेव्हा रात्र झाली होती, बातमी छापून आली २३ ला. गुरुवारी रॉकेट, शनिवारी पेपर. दोन दिवसांनी.

मी कागद बाबांपुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली आणि यंत्रशाळेतला एखादा नकाशा तपासावा तसा एकेक आकडा तपासला. एका ठिकाणी माझी बेरीज चुकली होती, ती दुरुस्त केली. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"क्षितिजापाशी हवा गढूळ असते," शेवटी म्हणाले. "एवढ्या लांबून उजेड पोचला असेलच असं नाही."

ते खरं होतं, आजही खरं आहे. भूमितीनं दिसायला हरकत नाही एवढंच माझा कागद सांगतो. दिसलं, हे सांगणारी माणसं गेली. दूरवरच्या कॅमेऱ्यांनी त्या रेघेचे फोटो घेतले आणि त्यांवरून वारे मोजले गेले. मालवणच्या वाळूत वाटे घालत बसलेल्या बायकांची साक्ष काढायला कुणी आलं नाही. यायचं कारणही नव्हतं. पण ज्यांच्या घरात ती साक्ष होती, त्या आम्ही तरी कागद घ्यायला हवा होता.

"चुकीची गोष्ट गोड असली तरी सांगायची नाही, असं तुम्हीच म्हणायचात," मी म्हटलं. "खरी असू शकणारी गोष्ट तपासल्याशिवाय हसण्यावारी नेली, त्याचं काय?"

बाबांनी पेन्सिल खाली ठेवली. "आये कोर सांगत होती," ते म्हणाले. "कोर उजवीकडे होती म्हणाली. एवढं बारीक कुणी बनवून सांगत नाही." मग ते उठून गॅलरीत गेले. तो कागद पुढे त्यांच्या पाकिटात सापडला, चार घड्या घातलेला.

आता मोठी रॉकेटं श्रीहरिकोट्याहून उडतात. उपग्रह सोडायचा तर पूर्वेला सोडणं सोयीचं, पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकटात मिळतो. थुंब्याहून पूर्वेला माणसं राहतात, तिकडे सोडता येत नाही. श्रीहरिकोट्याची जागा शोधण्यातही चिटणीस होते. शंभरी पूर्ण करून ते २०२५ मध्ये पुण्यात वारले, तेव्हा बाबा असते तर दिवसभर त्यांच्याबद्दल बोलत बसले असते. श्रीहरिकोट्याला २०१९ पासून लोकांना बसून बघायला सज्जा केलेला आहे, नाव नोंदवून जाता येतं. थुंब्याहून मात्र लहान रॉकेटं अजून उडतात. २३ नोव्हेंबर २०२२ ला रोहिणी-२०० हे रॉकेट सलग दोनशेव्यांदा यशस्वी उडालं. त्याच वाळूवरून, त्याच समुद्राकडे.

गेल्या वर्षी मी २१ नोव्हेंबरला मालवणला गेले. मुद्दाम. संध्याकाळी किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटी लागलेल्या होत्या, एका बाजूला रापण ओढून झाली होती आणि वाटे पडत होते. मी निवतीच्या दिशेला तोंड करून उभी राहिले, हात लांब केला आणि मूठ क्षितिजावर टेकवली. सहा वाजून पंचवीस मिनिटं झाली. मुठीच्या मागे आभाळ फिकट जांभळं होतं, रिकामं.

रापणीतला एक म्हातारा माझ्याकडे बघत होता. जवळ आला.

"काय बघतास, बाय?"

मी सांगितलं. थुंबा, रॉकेट, सोडियम, आजी, सगळं. नीट सांगता आलं नाही, पण त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तोही निवतीकडे बघायला लागला. हात मागे बांधून, डोळे बारीक करून, लांबची होडी ओळखायची असते तसा.

"हयसून दिसता?" त्यानं विचारलं.

"दिसलो होतो," मी म्हटलं.